आपल्या घराण्याचं नाक

चि. धाकट्यास, थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. मी बरी आहे. तूही बरा आहेस असं तू म्हणशील, पण तुझ्या म्हणण्याला मी आता किंमत देत नाही. का ते पुढे वाच, मध्येच उठू नकोस.

जिना चढताना दम लागतो म्हणून सूनबाईनं मला दवाखान्यात ओढत नेलं. वय झालं, दम लागणारच, त्यात काय एवढं. पण तिथं बोटाला चिमटा लावला, प्राणवायूचा आकडा बघून मला लगेच त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकवलं. (आत असतानाच आठवलं, गिऱ्हाइकाच्या ब्लाउजची बाही कापायची राहिलीय. पण हलू देतील तर शपथ.) निघालं काय, तर फुप्फुसात दोन ठिकाणी शिरा भलतीकडेच जोडल्यात. रक्तानं बारीक जाळ्यातून गाळून जायचं, ते आडवाटेनं थेट पुढे पळतं. एखादी गुठळी त्या वाटेनं डोक्यात गेली की लकवा, कारभार आटोपला. हे डॉक्टर हसत हसत सांगतो. पोरगा बरा आहे, बोलतो फार.

त्यानं विचारलं, घरात कुणाचा घोळणा फुटतो का, नाकातून रक्त येतं का. मी म्हटलं, छे. सून मध्येच म्हणाली, "अहो आई, परवाच तुमची उशी धुतली ना मी." म्हटलं, ते काय फुटणं झालं, सगळ्यांचं येतं तेवढंच येतं.

"सगळ्यांचं म्हणजे?" डॉक्टरनं विचारलं.

म्हटलं, बाबांचं यायचं, आत्याचं यायचं, माझं येतं, धाकट्याचं तर जेवताना ताटात यायचं. त्यानं पेन खाली ठेवलं. तर धाकट्या, लोकांचं येत नाही. आपण समजत होतो, सगळ्या जगाच्या घरात मोरीच्या दाराला नाकातलं रक्त पुसायचं काळं फडकं टांगलेलं असतं. सासरी नव्हतं, तेव्हा मला वाटलं, माणसं गबाळी दिसतात. हे म्हणे वंशातून येतं, ओठांवरचे लाल ठिपकेसुद्धा त्यातलेच. (तुझ्या ठिपक्याला आई देखणा म्हणायची.) म्हणजे जे माझ्या छातीत निघालं, ते तुझ्याही असू शकतं.

मग त्यातली मोठी शीर बुजवायचं ठरलं. छाती फाडत नाहीत. जांघेतल्या शिरेतून परकराच्या नाडीएवढी नळी घालतात, हृदयातून फुप्फुसात नेतात आणि तिथं तारेचं वेटोळं सोडून वाट बंद करतात. (बाही शिवायला घोट्यापासून सुरुवात. पण काम नीट केलं, ते कबूल.) मुंगी चावते तेवढंच. खरा छळ नंतर. पाय न वाकवता उताणं पडायचं आणि समोर तिरका शिवलेला पडदा. मी जरा उठून तो ओढला, इतकंच, तर जांघेतून भळाभळा. एक दणकट नर्स सगळा भार टाकून तिथं दाबत बसली. "मावशी, आता हललात तर बांधून ठेवीन." म्हटलं, बांध, पण गाठ तरी नीट मार. निघताना सांगितलं, दात काढायच्या आधी औषध घ्यायचं आणि पाठीला नळकांडं बांधून समुद्रात बुडी मारायची नाही. म्हटलं, बरं, मन मारते.

बाकी इथं सगळं जागच्या जागी आहे.

तुझी ताई

ता. क. तुझी तपासणी सोमवारी ठरवलीय. हाताच्या शिरेत बुडबुड्यांचं पाणी सोडतात आणि हृदयात बुडबुडे कुठं जातात ते पडद्यावर बघतात. दुकान बंद ठेवता येत नाही असं कळवू नकोस. कुलूप लावायचं तुझ्या बायकोनं कबूल केलंय.

आणखी एक, हे तिला वाचून दाखवू नकोस. मुंगीचं लिहिलं ते खरं, पण आत टेबलावर मी भीतीनं रडले. दुसरी शीर राहिलीय. तिची तारीख दिली होती, मी गेलेच नाही. डॉक्टरला सांगितलंय, आधी धाकट्याला बघा, मग मी आडवी होते. त्याला वाटतंय, मी तुझ्या काळजीनं अडून बसलेय. तसंच वाटू दे. ये लवकर.