नावाडणीचा आवाज

३ मार्च, मंगळवार
सुमनताई आल्या एकदाच्या माझ्या स्टुडिओत. मुखेड डेपोत कंडक्टर. सुट्टी मंगळवारची, त्यामुळं जे काही होईल ते मंगळवारीच. मागं नांदेडच्या गाडीत त्यांना "मागं सरका, गाडी मागून मोकळी हाय" म्हणताना ऐकलं, तेव्हाच ठरवलं होतं, नावाडीण हीच.

खेळ समजावण्यातच तास गेला. व्हिडिओ गेम म्हटल्यावर त्यांना वाटलं लहान पोरांचं काही. सांगितलं: एक राज्य, एक जळालेलं बंदर, चार जण. खेळणारा आधी राजा होऊन खेळतो, मग नावाडीण, मग वैदू, मग चोर. बंदर कुणी जाळलं हे चौघंही आपापल्या भागात सांगतात, आणि चौघांचं जुळत नाही.
"मंग खरं कोण बोलतंय?"
म्हटलं, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं.
"त्यानं ठरवू द्या. पण मी खोटं बोलून राहिले का खरं, ते मला तर कळायला पायजे ना भाऊ."
गेम कंपनीच्या केतनला फोन लावला. म्हणाला, ते मोघमच ठेवा, त्यातच मजा आहे. मोघम कसं बोलतात ते माहीत नाही म्हणाल्या ताई. मलाही नाही.
एकूण ओळी झाल्या ३१. ठरल्या होत्या १२०.

६ मार्च
ओळी क्रमानं नाहीत. के. नं पाठवलेल्या तक्त्यात ४१२ "तू?", ४१३ "तू.", ४१४ "तू!" कोण कुणाला, कुठं, काही नाही. विचारलं तर म्हणतो टोन बदला फक्त.
लाइट दुपारी दोनदा गेली. इन्व्हर्टर घूं घूं करतो, तो माइकमध्ये येतो. म्हणजे लाइट गेली की काम बंद, आणि लाइट असली की शेजारी मंडपवाल्याचं साउंड टेस्टिंग.

९ मार्च
हणमंतकाका. आपला राजा. तीस वर्षं मोंढ्यात धान्याच्या सौद्याला बोली पुकारली, आवाज अजून खणखणीत. पण कवळी. प्रत्येक "सिंहासन"ला टक्. कवळी काढली तर टक् जातं आणि सिंहासनही जातं. शेवटी के. ला न विचारता "सिंहासना"चं "गादी" केलं. काका खूश. गादी म्हणजे मोंढ्यातलीच वाटते म्हणाले.
वैदू आणि चोर पुण्यात रेकॉर्ड होऊन राहिलेत. तिकडे लाइट जात नसेल.

१० मार्च, मंगळवार
ताई आज तयारीनं आल्या. ओळी तिकिटाच्या कोऱ्या रोलवर उतरवून आणल्या होत्या, नायगाव ते नांदेड पाठ करत. ९७ झाल्या! नावाडीण राजाला नावेत घेत नाही तो प्रसंग एका दमात. बाहेर बसलेले काका उठून काचेशी येऊन उभे राहिले.
जाताना म्हणाल्या, दिवसभर गाडीत ओरडते पण कुणी वळून बघत नाही, इथलं हे बरं आहे.

१३ मार्च
के. चं पत्र. ताईंचं "न्हाई" सगळीकडे "नाही" करा, बाहेरच्या शहरात कळणार नाही. ६० जागा. फोनवर भांडलो. म्हटलं चार जणांचे चार आवाज तुम्हालाच पाहिजे होते ना. शेवटी निम्मे ठेवायचे ठरलं. निम्मे म्हणजे कुठले ते मी ठरवायचं. नावाडीण आता एका वाक्यात न्हाई म्हणणार, पुढच्यात नाही.

२४ मार्च, मंगळवार
आज आरडाओरड. लहान मार लागला, मोठा मार लागला, पाण्यात पडली, भाजली, मेली. प्रत्येकी सहा प्रकार. पंखा बंद, खोलीत बसवत नव्हतं, गाद्या लावलेल्या भिंती तापलेल्या. ताईंनी मन लावून केलं. काही पुन्हा घ्यावे लागले, कंपनीची मागणी. चारला संपलं. पाणी न पिताच गाडी पकडायला पळाल्या.

२७ मार्च
ताईंचा फोन. ओळखू आल्या नाहीत. आधी वाटलं रेंज नाही. घसा बसलाय म्हणाल्या, हळद घेऊन राहिले, मंगळवारपर्यंत होईल.

३० मार्च
झालं नाही. नांदेडला डॉक्टरला दाखवलं त्यांनी. त्यांच्या मिस्टरांनी फोन करून सांगितलं: आवाजाच्या पट्टीला सूज, थोडं रक्त उतरलंय. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. डेपोत रजा टाकली. बिनबोलता कंडक्टरकी कशी करणार.
मिस्टर चांगले बोलले. उलट मलाच म्हणाले, तुमचं काम अडलं असंल.

१ एप्रिल
के. ला कळवलं. शेवटचा भाग अख्खा राहिलाय, चौघं एकत्र येतात तो. ताईंच्या २०८ ओळी. थांबता येत नाही म्हणाला. आहे त्या रेकॉर्डिंगवरून मशीन ताईंच्याच आवाजात उरलेलं बोलेल, ताईंनी संमतीपत्रावर सही करायची. मोबदला पूर्ण. "त्यांचाही त्रास वाचेल ना सर."
नमुना पाठवलाय. ऐकला नाही अजून.

२ एप्रिल
ऐकला. हुबेहूब.

घरी बायको, उज्ज्वला, विचारत होती, चार दिवस जेवणात लक्ष नाही, काय झालंय. तिला सांगितलं, मग इथंही लिहायला काय हरकत.
२४ तारखेला कंपनीनं काहीही परत मागितलं नव्हतं. माझी चूक होती. माइकची पातळी वर राहिली होती, मीटर लाल, आणि माझं लक्ष तक्त्यात. पहिल्या सगळ्या किंकाळ्या फाटलेल्या आल्या. वीस वर्षं हेच काम करतोय, आणि ताईंसमोर हे कबूल करायला जड गेलं. म्हटलं, कंपनीवाल्यांना अजून जोर पायजे. त्यांनी जोर लावला. तीसच्या तीस पुन्हा.
आणि त्या दिवशी वहीतसुद्धा "काही पुन्हा", "कंपनीची मागणी" असं लिहून ठेवलं मी. कुणाला दाखवायला?
उज्ज्वला एवढंच म्हणाली, त्यांना सांगा.

७ एप्रिल, मंगळवार
ताई नमुना ऐकायला स्वतः आल्या. मी बोलायचं, त्यांनी लिहायचं. हेडफोन दिला. नावाडीण राजाला शेवटचं विचारते ती ओळ होती, त्यांनी कधीच न म्हटलेली. दोनदा ऐकली. रोलवर लिहिलं: "बरं हाय." जरा थांबून त्याच्याखाली: "ही बाई दमत न्हाई."
काका आले होते. ते भडकले. म्हणाले मी समोर माणूस धरून बोललोय, आता पेटीशी कसं बोलू. ताईंनी हातानंच त्यांना बसायला सांगितलं.
संमतीपत्र घडी करून पिशवीत टाकलं, वाचून कळवते अशी खूण केली.
सांगणार होतो. पहिल्यांदा काका होते म्हणून नाही, मग गाडीची वेळ झाली म्हणून. स्टँडपर्यंत सोडायला गेलो तेव्हा कुणीच नव्हतं, तरी नाही.

११ एप्रिल
जयंतीच्या अनाउन्समेंट. भोंगे लावलेल्या रिक्षांची रांग दारात. सकाळपासून सोळा केल्या, दोन पुन्हा घेतल्या. पातळी दर वेळी तीनदा बघून राहिलो. के. चे चार मिस्डकॉल. सही, सही, सही.

१३ एप्रिल, सोमवार
मुखेडला गेलो. अहमदपूरला गाडी बदलून, उन्हाचं. ताईंचं घर स्टँडमागच्या गल्लीत. मिस्टर शेतात. चहा झाला. मीच बोलत होतो एकटा, रस्ता, ऊन, काकांची कवळी. मग सांगितलं. पातळी, मीटर, आणि कंपनीनं मागितलं नव्हतं हे. पुढं माफीचं पाठ करून गेलो होतो, ते निम्मंच आठवलं.
त्यांनी वही जवळ ओढली. पेन हातात धरलं. परत खाली ठेवलं. दाराकडे बघितलं.
मग बोलल्या. डॉक्टरनं मनाई केलेली असताना. एकच शब्द.
"जावा."
उठलो.
लाज वाटते पण लिहितो. चपला घालताना त्या शब्दाचा आवाज मी तपासत होतो. खालचा सूर शाबूत आहे. वरचा गेलाय. असा माणूस झालोय मी.

१५ एप्रिल
के. ला सगळं सांगितलं. चूक माझी, आणि सहीशिवाय मशीन चालवायचं नाही. तो म्हणाला, सर, असं असेल तर नावाडीण पहिल्यापासून दुसऱ्या आर्टिस्टकडून करून घेऊ, ताईंचं सगळं काढून टाकावं लागेल. आठवडाभर वाट बघतो, त्याच्या पुढं हातात नाही.
काकांनाही सगळं सांगितलं. ते माझ्याशी बोलत नाहीत. राजाच्या नऊ ओळी बाकी आहेत, त्या सोमवारी येऊन म्हणून गेले तर गेले.

२० एप्रिल
आज ताईंची नांदेडला तपासणी होती. फोन करायची हिंमत नाही. मिस्टरांनाही नाही, त्यांना आतापर्यंत कळलं असणार.
काका आले, नऊ ओळी म्हणून गेले. एकही टक् नाही.

२१ एप्रिल, मंगळवार
दुपारी मुखेडच्या गाडीच्या कंडक्टरनं लिफाफा आणून दिला. आत संमतीपत्र. सहीची जागा कोरी. मागच्या बाजूला त्यांच्या अक्षरात:

"सूज उतरली. अजून तीन आठवडे जपून बोला म्हणाले. त्याच्यानंतर येईन, पण रोज अर्धा तास, जास्त न्हाई, आणि ओरडायचं परत करणार न्हाई. आवाज पहिल्यासारखा येईल असं डॉक्टर सांगत न्हाईत. जसा येईल तसा घ्यायचा असंल तर कंपनीला थांबायला सांगा. नसंल तर दुसरी बाई बघा. मशीनला माझा आवाज देऊ नका. तुम्ही सांगितलं ते मी मिस्टरांना सांगितलेलं न्हाई. ते तुम्ही सांगा."

दोनदा वाचलं. फोटो काढून के. ला पाठवला, खाली लिहिलं की तीन आठवडे द्या, एवढंच मागतो. त्यानं बघितलंय.
मिस्टरांचा नंबर लावला. शेतात असतील या वेळी. रिंग जाऊन राहिलीय.