दुसरी खाट

रीडिंग,
३० ऑगस्ट २००७

ती. स्व. वैजयंतीआत्यास,
इरावतीचा शि. सा. न. वि. वि.

मंगळवारच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. अनिशच्या वहिनीला, म्हणजे ऋजुतावहिनींना, ताप होता म्हणून त्या बागेतल्या शेडमध्ये झोपत होत्या, असं मी लिहिलं होतं. त्यांना ताप नव्हता. त्यांची पाळी आली होती. ताप आहे असं अनिशच्या आईनं, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, नीनाकाकूंनी सांगितलं आणि मी ते स्वतः पाहिल्यासारखं लिहून टाकलं. लहानपणी रोज शाळेत जायच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी असलं काही लिहिलं असतं, तर तू ते पान फाडलं असतंस.

काल वहिनींचा फोन आला तेव्हा मी तब्येत विचारली. त्या हसतच सुटल्या. म्हणाल्या, कसला ताप, बाजूला बसले होते, आता न्हाऊन घरात आलेय.

बाकीचं लिहिलेलं खरं आहे. हॉलंडमधलं त्यांचं हिल्व्हरसम सुंदर आहे. गाव संपलं की जंगल, जंगल संपलं की माळ, आणि हेदरची झुडपं फुललेली असल्यामुळे सगळा माळ जांभळा. काकूंचं घर शेवटच्या गल्लीत आहे. बागेच्या कुंपणामागे लगेच पाइनची झाडं सुरू होतात आणि त्या झाडांच्या सावलीत ती लाकडी शेड आहे. शेजारचे डच लोक अशा शेडमध्ये सायकली ठेवतात, गवत कापायचं मशीन ठेवतात. काकू सून ठेवतात.

अनिश जेवणाचं ताट घेऊन गेला तेव्हा मी त्याच्या मागे होते. त्यानं ताट पायरीवर ठेवलं, दार वाजवलं आणि झटकन मागे सरकला. पायरीवर चिखलाचे बूट होते आणि गोगलगाय गेल्याचा चिकट पट्टा. मला वाटलं, तापाची साथ नको म्हणून जपतोय. वहिनींची दीड वर्षाची मुलगी घरातल्या काचेच्या दारावर दोन्ही हात आपटत होती. तिला तिकडे सोडत नव्हते. तेही मला तापामुळेच वाटलं.

आणखी एक. माळावरून आल्यावर माझ्या पोटरीला गोचीड चिकटलेली निघाली. माझं रक्त पिऊन टम्म झाली होती. काकूंनी ती चिमट्यानं उपटली, बोटांत धरून मला दाखवली, आणि नखानं चिरडून बोट नॅपकिनला पुसलं. मग त्याच हातानं मला आमरस वाढला. त्यांना रक्ताची किळस नाही, आत्या. कोणत्या रक्ताची करायची ते त्यांनी ठरवलेलं आहे.

वहिनी असंही म्हणाल्या, की शेडमध्ये दोन खाटा आहेत आणि दुसरीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. निघताना काकूंनी मला पडद्यांसाठी रंग विचारला होता. मी निळा सांगितला. पडदे कुठल्या खोलीचे, ते विचारलं नाही. आता विचारायची भीती वाटते.

मी उगाच घाबरते असं वाटलं तर रागव, पण उत्तर लवकर लिही.

तुझी,
इरावती


लेस्टर,
२ सप्टेंबर २००७

चि. इरावतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. फोनवर तू रडतेस आणि कागदावर शहाण्यासारखी वागतेस, म्हणून लिहितेस तेच बरं. गोचिडीचं वाचून मला ओकारी यायची बाकी होती. डाग लालसर झाला किंवा ताप आला, तर तिथल्या डॉक्टरला आधी दाखव. हे तुझी आत्या नाही, तुझी आत्या-डॉक्टर सांगतेय.

आता दुसरं. दुधावर साय दिसली की ताट सोडून उठणारी मुलगी तू. तुला किळस यायला फार लागत नाही. नीना जुन्या वळणाची आहे हे मला माहीत होतं, पण माणसं वाईट नाहीत. बागेत निवांत पडून राहायला मिळालं, तर ओपीडी उरकून आल्यावर मीसुद्धा आनंदानं गेले असते! अनिश सालस आहे, कार्डिफला तुझ्या आईबाबांनाही पसंत आहे. लग्नानंतर तुम्ही रीडिंगला राहणार, नीनाच्या बागेत नाही.

शनिवारी पंधराला आपला गणपती बसेल आणि रविवारी सोळाला साखरपुडा. कम्युनिटी हॉल घेतला आहे. बेलग्रेव्ह रोडवरून तुझी साडी आणली, मोरपिशी. नीनानं तुझ्या तारखा विचारल्या होत्या, त्या मी कळवल्या. सोळा तारीख त्यावरूनच निघाली. तेव्हा त्या बाजूनंही काळजी नको.

नीट जेव. माया आहे तशीच आहे, रागवायला तीच मोकळीक देते.

तुझी आत्या


रीडिंग,
५ सप्टेंबर २००७

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू माझ्या तारखा कळवल्यास. ते वाक्य मी परत परत वाचलं. आधी साडी आहे, पुढे काळजी नको आहे, आणि मधोमध ते. मला एकदा विचारायचंस तरी. त्या तारखा तुला डॉक्टर म्हणून माहीत होत्या की आत्या म्हणून, एवढंच सांग. तू आयुष्यभर बायकांच्या बाळंतखोलीत उभी राहिलीस. तिथे तू कोणाला पायरीवरून हाक मारली नाहीस.

मी अनिशला फोन केला. पडदे शेडचे आहेत. त्यानं अगदी खुशीत सांगितलं, की निळं कापड मिळालं आणि आईनं तुझ्या बाजूला हीटरही बसवून घेतला. तुझ्या बाजूला! मी म्हटलं, आपण रीडिंगला राहणार ना. तर म्हणाला, अर्थात, पण सणासुदीला जाऊ तेव्हा आईचं मन राखायचं, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न, आणि तुला जंगल आवडलंच होतं की. तू स्वतः ताट ठेवून मागे का सरकलास, असं मी विचारलं. त्याला प्रश्नच कळला नाही. लहानपणापासून तसंच ठेवतात, म्हणाला.

मला त्याचा राग येत नाही, हेच वाईट आहे. त्याचा आवाज ऐकताना मला किळस आली. त्यानं माझा हात धरून माळावर फिरवलं होतं. आता वाटतं, त्यानं आधी मनात तारीख मोजली असेल. असं वाटणं कदाचित अन्यायाचं आहे, म्हणून ते वाटतं आहे एवढंच लिहिते, खरं आहे असं लिहीत नाही.

तुझा हिशोबही चुकलाय. काळजीनं मला उशीर झाला आहे. आता तुझ्या गणपतीच्या आसपास येईल असं दिसतं.

माझ्यावर नाराज झालीस तरी पत्र लिहायचं सोडू नकोस.

इरावती


लेस्टर,
८ सप्टेंबर २००७

चि. इरावतीस,
आशीर्वाद.

ते साडीला लागून लिहायला नको होतं, हे कबूल. बाकी कशाची माफी मागायची ते मला अजून नीट कळलेलं नाही. आमच्या वेळी मुहूर्त काढताना हे विचारतच. तुझ्या आजीनं माझं सांगितलं होतं, आणि मला तेव्हा काही वाटलं नव्हतं. निदान तसं मी समजत होते.

मी नीनाला फोन केला. खाटेचं विचारलं. ती म्हणाली, आमच्याकडे सुनेला काही कमी नाही, हीटर आहे, रेडिओ आहे. मग मलाच म्हणाली, की पंधराला मुलगी तुमच्याकडे गणपतीत असेल, तेव्हा ती मोकळी आहे ना, एवढं बघा, नाहीतर आम्हांला प्रसाद चालणार नाही. मला ते आवडलं नाही. माझ्या घरच्या प्रसादाबद्दल मला सांगते!

पण पन्नास माणसांना आमंत्रणं गेली आहेत. तुझे बाबा ड्यूट्या बदलून येणार. नीनाकडचे लोक शुक्रवारी रात्रीच्या बोटीत बसतील. म्हणून सोबत गोळ्या पाठवते. मिळतील त्या दिवसापासून घे, पाळी आठवडाभर पुढे जाईल. एवढा साखरपुडा पार पडू दे, लग्नाला वेळ आहे. तोवर मी नीनाला वळवीन, हा माझा शब्द.

हट्ट करू नकोस. हट्टीपणा मीच शिकवला असला तरी.

तुझी आत्या


रीडिंग,
१० सप्टेंबर २००७

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गोळ्या या पाकिटात परत पाठवत आहे. घेतलेली नाही. तू मायेनं पाठवल्यास हे मला कळतं, आणि तरी ते पाकीट हातात धरवेना. पडदे माझ्या आवडीचे होते, गोळ्या तुझ्या काळजीच्या आहेत. दोन्हींनी मला त्याच खाटेवर नेऊन निजवायचं आहे.

काकूंना वळवण्याचा शब्द तू दिलास. त्या वळतील तेव्हा ऋजुतावहिनींसाठी वळोत. मी हे लग्न करत नाही. आईबाबांना काल रात्री सांगितलं. बाबांनी हॉलचे पैसे बुडाले तर बुडू देत म्हटलं आणि फोन ठेवला. आमंत्रणांचं तुला ओशाळं वाटेल, त्याची क्षमा मागते. माणसांना सांगताना माझं नाव पुढे कर. मुलगी तापट निघाली म्हण, ते खोटं असलं तरी चालेल.

अनिशला फोनवर सांगणार नाही. तो म्हणेल, जरा समजून घे, आणि मी समजून घेईन. मला माझा भित्रेपणा ठाऊक आहे. ते बोटीत बसण्याआधी त्यांच्या घरी जाऊन सांगणं मला योग्य वाटतं. हीथ्रोहून सकाळचं विमान आहे, ऑफिसातून रजा काढली आहे. तोवर पाळी आली असली तरी जाईन, आणि दारातच तसं सांगेन. घरात घेतलं तर बसून बोलेन, नाही घेतलं तर पायरीवर उभी राहून बोलेन. वहिनी घरात असतील, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

तू त्यांना आधी काही कळवू नकोस. एवढं एकदा माझ्यावर सोड, आणि मला पहिल्यासारखीच आपली म्हण.

तुझी,
इरावती

ता. क. दिवस विचारशील म्हणून लिहिते. गुरुवारी, १३ सप्टेंबरला.