बारा मिनिटं गप्प

७ जानेवारी, मंगळवार
कानावरच्या तिळाचा कॅन्सर दोन वर्षांपूर्वी कापून काढला होता. आता त्याची तीन पिल्लं डोक्यात सापडली. काळजीचं कारण नाही. डॉ. कौरिस म्हणतात, कवटी उघडायची नाही, डोक्याला स्क्रूने चौकटही ठोकायची नाही. चेहऱ्यावर प्लॅस्टिकची जाळी आणि बाहेरून किरणांचा नेमका मारा. तीन खेपांत काम फत्ते. फक्त हलायचं नाही. मी हसलोच. नाराकूर्टच्या गुरांच्या बाजारात चाळीस वर्षं लिलाव पुकारलाय, मला स्थिर राहायला कोण शिकवणार?
गाडी चालवायला निदान सहा महिने बंदी. हे नियम घाबरटांसाठी. २४ तारखेला वासरांचा मोठा लिलाव. स्वतः पिकअप चालवत जाणार आणि पुकारणार. संकल्प.

९ जानेवारी, ॲडलेड
जाळी बनवली. गरम, ओलं प्लॅस्टिक तोंडावर ताणलं, गार होऊन कडक झालं. भीती शून्य. मशीनवर थुई नावाची मुलगी आहे. तिला आधार वाटावा म्हणून तिचा हात धरून ठेवला. ती म्हणाली, मर्व, आता बोटं सोडा, मला लिहायचंय.

१३ जानेवारी, सोमवार
पहिली खेप. छतावरचे कॅमेरे चेहऱ्यावर नजर ठेवतात. केसभर सरकलं की किरण आपोआप बंद. बारा मिनिटांचं काम, तास लागला. एकोणीस वेळा थांबलं. मशीन बिघडलंय, असं थुईला स्पष्ट सांगितलं. ती म्हणे, मशीन ठणठणीत आहे, तुमची हनुवटी हलते, तुम्ही काहीतरी पुटपुटता. छे! वेळ जावा म्हणून मनातल्या मनात बावन्न वासरं विकली, एवढंच. बायको, ग्लेनिस, म्हणाली की याचं मन तोंडातच असतं.

१५ जानेवारी, दुपार
दुसरी खेप. आज लिलाव करायचा नाही असं ठरवलं होतं आणि पाळलं. शेवटी एक गिऱ्हाईक भाव वाढवायला लागलं, त्याला मध्येच कसं सोडणार? चौदा वेळा. प्रगती आहे.
थुई मात्र हसली नाही. शुक्रवारी असंच झालं तर शेवटची खेप झोपेचं औषध देऊन करावी लागेल, आणि तो नंबर थेट २४ तारखेचा. मधले दिवस फुकट घालवणं बरं नाही, असं डॉक्टरही म्हणाले. मला औषधबिषध लागत नाही. शुक्रवारी दाखवतोच.

१७ जानेवारी, शुक्रवार
थुईने ग्लेनिसला बाहेरच्या खोलीत माइकसमोर बसवलं. कल्पना ग्लेनिसचीच. जाळी बसली, दार लागलं, आणि स्पीकरमधून ती.
म्हणाली, मर्व, ऐक. पिकअप जावयाला दिली. किल्ल्या, कागदपत्रं, सगळं. (डेमियनला! त्याला ट्रेलर लावून मागे घेता येत नाही!) २४ चा लिलाव तुझ्या हाताखालचा बेव्हन पुकारणार, बाजारवाल्यांना मीच कळवलंय. हलू नकोस. माझ्या तोंडाशी सोळा उत्तरं आली होती. एक जरी सुटलं असतं तरी किरण बंद.
मग म्हणाली, तू गावभर सांगत फिरतोस, मला भीती नाही. मला आहे रे. रोज सकाळी तू उठायच्या आधी नळ सोडून रडते. तुझ्याशी बोलायला जावं तर तू मध्येच वासरांचे भाव सांगायला लागतोस. आज बारा मिनिटं मिळालीत, बोलून घेते.
आणि बोलत राहिली. मशीन एकदाही थांबलं नाही.
थुई म्हणाली, मर्व, अगदी दगडासारखे पडून होतात! मी म्हणालो, सांगितलं नव्हतं?
घरी येताना गाडी ग्लेनिसने चालवली. चार तास. मला भीती वाटते, एवढंच तिला सांगायचं होतं. वाटेतली गावं मागे पडली, टेलम बेंड गेलं, कीथ गेलं, जमलं नाही. घराच्या फाटकाशी आल्यावर कसाबसा म्हणालो की डाव्या चाकात हवा कमी आहे.
ती म्हणाली, हो रे, माहितेय मला.