उभी काच आणि आखूड हौदा

खाली सही करणारी मी, काचेच्या दुकानाची मालकीण, गुडघ्यांनी थकलेली पण डोक्याने नाही, आज राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीवर हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी माझा हात धरून हे लिहवून घेतलेले नाही. हात धरायला आले होते, त्यांना चहा पाजून परत पाठवले. ते कोण, हे पुढे येईलच. डॉक्टरीणबाईंनी सकाळी मला तपासले, वार विचारला, मुलांची वये विचारली आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय." तसा दाखला सोबत जोडला आहे, चेष्टेचा भाग वगळून.

मला मुले दोन. थोरला मुलगा दुकानात काच कापतो. धाकटी मुलगी माल पोचवते, म्हणजे आमचा जुना छोटा पिकअप चालवते. यजमान गेल्यावर ती गाडी मीच चालवत असे. मला कोणी शिकवली नाही. पहिले काही दिवस रस्त्यावरचे लोक आपणहून बाजूला होत, तेवढ्यात मी शिकून घेतले. पुढे कंबर धरू लागली आणि किल्ली धाकटीकडे गेली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असे कोणी म्हणाले तर ते खोटे समजावे.

कलम पहिले, घर. वरचा मजला थोरल्याचा, खालचा धाकटीचा. जिना दोघांचा. जिन्यात चपला कोणी ठेवायच्या यावरून कोर्टात जाऊ नये.

कलम दुसरे, दुकान. जागा आणि नाव धाकटीच्या एकटीच्या मालकीचे राहील. त्यावर कोणाचा बोजा नाही, आणि माझ्या हयातीत मी चढू देणार नाही. कारण स्पष्ट लिहिते. थोरल्याने मला किंवा बहिणीला न विचारता मोठ्या डबल केबिन पिकअपचे बुकिंग केले आहे. तिची किंमत त्याने मला हळू आवाजात सांगितली, आजारपण सांगावे तशी. जेवढ्या पैशांत आम्ही हे घर उभे केले, तेवढ्यात तिची पुढची दोन चाके येत असतील. बँकेला त्या कर्जासाठी दुकान तारण हवे आहे आणि तारणावर माझी सही. हप्ते थकले तर गाडी जाईल ती जाईल, मागोमाग दुकान जाईल, आणि आयुष्यभर काचा उचललेली माझी मुलगी दुसऱ्याच्या दुकानात नोकरी मागत फिरेल. ही सही मी करणार नाही.

मात्र काच कापायचे टेबल, हिऱ्याच्या टोकाचे कटर आणि काच उचलायच्या रबरी वाट्या थोरल्याच्या आहेत. त्याच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही. काचेवर एकदा रेघ ओढतो आणि काच जणू आपल्याच मर्जीने दोन होते. टेबल दुकानातच राहील, नफा निम्मा-निम्मा होईल, आणि धाकटीने भावाला कधीही "उद्यापासून येऊ नकोस" म्हणायचे नाही. मनात आले तरी.

कलम तिसरे, बँकेतली ठेव. ही रक्कम दुकानासाठी नवा पिकअप घेण्यास वापरावी. जुन्या गाडीचा तळ गंजला आहे, हे मी मान्य करते. कोणता पिकअप, हेही लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे पुन्हा कोणीतरी शोरूममध्ये जाऊन मोहात पडेल.

मी धाकटीला घेऊन, पिशवीत मीटरपट्टी टाकून स्वतः तिथे गेले होते. काचेसारख्या चकचकीत फरशीवर तो अजस्र डबल केबिन उभा. विकणाऱ्या मुलाने दार उघडून दाखवले. "काकू, पाच माणसं ऐसपैस बसतात."

"आणि काच?"

"काच म्हणजे?"

"आम्ही काच विकतो. माणसं आपापली चालत येतात."

मी मागे जाऊन माल ठेवायचा हौदा मोजला. आमच्या जुन्या चिमुकल्या गाडीपेक्षाही आखूड भरला. म्हटले, "अरे, एवढी लांबलचक गाडी, मग लांबी गेली कुठे?"

"केबिनमध्ये गेली ना काकू. मागच्या सीटवर पाय पसरता येतात." मग जरा विचार करून म्हणाला, "काच आडवी ठेवा की."

धाकटीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो स्वतःच आडवा होतो की काय असे वाटले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते: काच लाकडी घोडीला टेकवून उभी न्यायची असते. आडवी ठेवली तर पहिल्याच खड्ड्यात तिचे तुकडे होतात. आणि हौदा आखूड असला की उभी काच मागून बाहेर डोकावते, मागच्या मोटारसायकलवाल्याच्या मानेच्या उंचीवर. थोरल्याने बुकिंग करण्याआधी सगळी मापे घेतली होती: गाडीची उंची, रुंदी, चाकाचा घेर, आतल्या स्क्रीनचा आकार. आयुष्यभर मापे घेऊन पोट भरणाऱ्या माणसाने माल जिथे ठेवायचा तेवढे सोडून बाकी सगळे मोजले.

मग मी छोटी गाडी दाखव म्हटले. तो हसला. "ती आता एवढी छोटी येत नाही काकू. तीच मोठी झालीये." किंमतही तिच्याबरोबर खाऊनपिऊन मोठी झाली होती. आरसे विजेवर हलतात म्हणून जास्त, दार आपोआप बंद होते म्हणून आणखी जास्त. मी म्हटले, दार मी ओढून घेईन, तेवढे पैसे कमी कर. ते जमत नाही म्हणाला.

तरीही माझे मत छोटीकडेच होते. धाकटी म्हणाली, "आई, आता लोकांना भिंतभर काच लागते. छोटीत दोन फेऱ्या होतात. दुसऱ्या फेरीला काच नाही, मी फुटते." घरी येईपर्यंत मी वाद घातला आणि हरले. तेव्हा ठरले ते असे: मधल्या आकाराचा, एकाच केबिनचा, लांब हौद्याचा पिकअप. रंग मिळेल तो.

कलम चौथे, माझे व्याही, म्हणजे थोरल्याचे सासरे. यांच्याकडे तसलाच डबल केबिन आहे आणि तो गल्लीच्या तोंडाशी असा लावलेला असतो की सायकलही अंग चोरून जाते. त्याच्या हौद्यात मी आजवर पाहिलेला सर्वांत जड माल म्हणजे घडीची खुर्ची. माझ्या मुलाला "धंदा वाढवायचा तर गाडीवरून कळलं पाहिजे" हे यांनीच शिकवले. वर तारणावर सही करा म्हणून मला सांगायला आले होते, बिस्किटे घेऊन. यांना मी दुकानातला तो बिघडलेला आरसा देते, ज्यात माणूस आहे त्याच्या दुप्पट रुंद दिसतो. त्यांनी तो समोरच्या खोलीत लावावा. पोचवण्याचा खर्च माझ्या ठेवीतून करावा.

कलम पाचवे, फक्त थोरल्यासाठी. बाळा, तुला ती गाडी का हवी हे मला कळते. नव्या उंच इमारतीच्या गेटवर पहारेकरी म्हणाला होता, "हे डबडं मागच्या गेटनं घ्या." त्या दिवशी गाडी तू नेली होतीस, मी शेजारी बसले होते. तुझे कान लाल झाले होते आणि तू दिवसभर जेवला नाहीस. मलाही ते लागले. पण मोठी गाडी नेली असतीस तरी त्याने मागेच पाठवले असते. माल सगळीकडे मागच्याच दाराने जातो. आणि पुढच्या दाराला जी काच आहे ती तू कापलेली आहे. येणारी-जाणारी मोठी माणसे तिच्यात बघून केस सारखे करतात.

कलम सहावे. आज दुपारी मी हे लिहीत असताना थोरला आत डोकावून म्हणाला, "आई, उद्या बँकेत येतेस ना? एक सही तर करायची आहे."

म्हटले, "सही आजच करणार आहे. तू बस इथे."

मेलेल्या माणसाच्या कागदाशी भांडता येत नाही, आणि माझ्या मुलाला भांडायची संधी न देता जाणे मला पटत नाही. म्हणून हा सर्व मजकूर मी साक्षीदारांसमोर त्याला मोठ्याने वाचून दाखवला आहे. व्याह्यांच्या कलमाला तो हसला. पुढच्या कलमाला खिडकीकडे बघत बसला. त्याला जे म्हणायचे असेल ते त्याने स्वतःच्या हाताने खाली लिहावे, असे मी सांगितले. त्यामुळे वरील कशातही बदल होणार नाही, पण ते कागदावर राहील.

ठिकाण : दुकानाचा माळा
दिनांक : ११ फेब्रुवारी, मंगळवार

सही : काचवाली काकू (गावभर याच नावाने ओळखतात, कागदोपत्रीचे नाव दाखल्यावर आहे)

साक्षीदार : शेजारचे शिंपी. काकूंनी माझ्यासमोर, चष्मा पुसून, सही केली.
साक्षीदार : डॉक्टरीणबाई. काकू पूर्ण शुद्धीवर आहेत, आमच्यापैकी कोणाहीपेक्षा जास्त.

थोरल्याच्या हातचे : ऐकलं. आईचं माप चुकलं असणार असं मला वाटतं. उद्या बँकेत जाण्याआधी हौदा स्वतः मोजून येतो.