ट्रेंबलीबाईंची पत्रं

डब्लिन, ओहायो
९ फेब्रुवारी २००६

प्रिय वृंदाताई,

तुला आणि भावजींना नमस्कार, चिंगीला पापा.

आम्ही मजेत आहोत. मकरंदचं प्रोजेक्ट आणखी एका वर्षाने वाढलं. बाहेर बर्फ आहे, पण घर छान उबदार असतं. आईची शुगर कशी आहे?

माझ्या व्हिसावर नोकरी चालत नाही, म्हणून दर बुधवारी जवळच्या वृद्धाश्रमात वाचून दाखवायला जाते. तिथल्या ट्रेंबलीबाई एकेकाळी कादंबऱ्या लिहायच्या. चार छापून आल्या, मग नवऱ्याला आवडेना म्हणून लिहिणं सुटलं. त्यांचीच शेवटची कादंबरी मी त्यांना वाचून दाखवते.

काल मध्येच थांबवून म्हणाल्या, "नंतरची चाळीस वर्षं मी फक्त बहिणीला पत्रं लिहिली. प्रत्येकात लिहायचे, मी मजेत आहे."

"त्यांना कळलं नाही?"

"नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता."

ताई, मला गाडी येत नाही. मकरंद रात्री नऊला येतो, दमलेला. बुधवार सोडला तर तोवर मी कुणाशीच बोललेली नसते. दार उघडंच असतं गं, पण जायचं कुठे?

आईला यातलं काही सांगू नकोस. रविवारी मी फोन करीन. सवयीने "मजेत" म्हणाले, तर लगेच चिंगीकडे फोन देऊ नकोस. पुन्हा विचार.

तुझीच,
मुग्धा