खालचा सूर

प्रिय इल्दिको,

रविवारी तू आलीस तेव्हा आपण भरल्या मिरच्यांवर आणि तिसा नदीच्या पाण्यावरच बोलत राहिलो. तुझ्या बाबांनी दोनदा विषय काढला, मीच टाळला. जेवताना भांडण नको होतं. आता लिहिते.

शाळेतला गाण्याचा तास गेला. नगरसभेचा ठराव झाला आणि पुढच्याच सोमवारी माझ्या खोलीत संगणक लागले. पियानो जिन्याखाली, मुलांच्या कोटांमागे. मुख्याध्यापक गाश्पार हसत म्हणाले, "अहो बाई, गाणं काय, मुलं घरीही म्हणतात! गणिताचा निकाल कोण सुधारणार?" निकाल घसरलाय, मला दिसतं की. पण गाणं बंद करून तो वर कसा येणार, हे अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. सगळे नुसते माना हलवतात. इतका संताप होतो गं!

चौथीतली बोर्बाला तुला ठाऊक नसेल. आई ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांची सेवा करते, ही आजोबांकडे राहते. एरवी वर्गात तोंड उघडत नाही. पण आमच्या एकाच वेळी दोन सुरांत म्हणायच्या गाण्यातला खालचा सूर तिनं पेलला होता. वरच्या आवाजांनी कितीही ओढलं तरी पोरगी ढळायची नाही. परवा मधल्या सुट्टीत तिनं मला जिन्याखाली गाठलं. म्हणाली, "बाई, मी घरी म्हणून बघितलं. माझा सूर एकटा म्हटला की ते गाणंच वाटत नाही. तुम्ही वरचा म्हणता?"

मी म्हटला. अंगात कोट चढवणारी पोरं थांबली, एकेक करत आमच्यात मिसळली. शेवटचं कडवं चालू होतं तोच गाश्पार आले. "बाई, हा जिना आहे, नाट्यगृह नव्हे!" मुलं पांगली. बोर्बाला मात्र हलली नाही. "म्हणजे आता कुठेच नाही?" तिनं विचारलं.

ठरावाच्या दिवशी मी सभागृहात मागे बसले होते, तुला दिसले नसेन. सदस्यांच्या रांगेतून तू ठरावाच्या बाजूनं हात वर केलास. जराही न अडखळता. तुला शाळेचं भलंच हवंय, हे मी मानते. म्हणून तर जास्त लागलं. येत्या गुरुवारच्या सभेत नागरिकांना बोलू देतात, तिथं मी नाव दिलंय. तुझ्याविरुद्ध बोलणार आहे, तुझं नाव घेऊन. बोर्बाला आणि तिचे आजोबा सोबत असतील. मुलगी म्हणून तुला सोडणार नाही, आई म्हणून तूही मला सोडू नकोस. फक्त हे तुला चारचौघांत पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं.

तरीही तुझीच,
आई