ओडिलची जागा

शिकागो, ११ नोव्हेंबर १९५६

ती. ओडिलताई हिस सा. न.

दोन पानं भेंडी महाग झाल्याची, आणि गळ्यातली गाठ लिंबाएवढी झाली हे ताज्या कलमात. तुझी कमाल आहे. डॉक्टर लगेच कापायला सांगतात आणि तू म्हणतेस, नाताळला बाळ येशूच्या गव्हाणीचं गीत गाते, मग बघू. ताई, आई अशीच थांबत थांबत गेली. एकवीस वर्षं मी नाताळला गावी येऊन चर्चमध्ये तुझ्यामागे ट्रम्पेट वाजवतो. तू एकेक ओळ ब्लूजसारखी मागे खेचतेस, बायकांचे रुमाल भिजतात, आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. एक वर्ष नाही गायलीस तर आभाळ कोसळणार नाही. माझी शपथ आहे, कापून घे.

रागावलो तो मायेपोटीच, हे तू जाणतेस.
तुझा ऑक्टेव्ह

न्यू ऑर्लिन्स, २ डिसेंबर १९५६

चि. ऑक्टेव्ह यास अ. आ.

तुझ्या शपथेपायी इस्पितळात, आपल्या काळ्यांच्या वॉर्डात जाऊन आले. गाठ निघाली. साधीच होती, जिवावरची नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. आवाज मात्र परतलेला नाही, नुसता वारा निघतो. नस दुखावली असेल, हळूहळू येईल, असं नर्स म्हणाली. शेजारची क्लोथिल्ड म्हणते, चला, गल्लीला जरा शांतता. मी हसले, तर तेही ऐकू आलं नाही. चर्चच्या पाळकांनी विचारलं, गीत दुसऱ्या कुणाला द्यायचं का. मी कागदावर लिहून दिलं की यंदा गाळा. तू मात्र ये.

माया आहे तशीच राहू दे.
ओडिल

न्यू ऑर्लिन्स, २७ डिसेंबर १९५६

चि. ऑक्टेव्ह यास अ. आ.

काल गाडीला जाण्यापूर्वी तू दोनदा दार वाजवलंस. मी घरातच होते. का उघडलं नाही, ते लिहिते.

नाताळला चर्चमध्ये गीत गाळायचं ठरलं होतं. तरी तू उठलास आणि वाजवलंस. मी खेचते तिथेच खेचलंस, मी श्वास घेते तिथेच श्वास घेतलास. लोक उभे राहिले. क्लोथिल्ड डोळे पुसत म्हणाली की अगदी ओडिलच गातेय, आणि मी तिला खेटून बसलेली. माणूस गेल्यावर असं बोलतात. मला तिथून उठणं भाग होतं.

एवढंच.
ओडिल

शिकागो, ६ जानेवारी १९५७

ती. ओडिलताई हिस सा. न.

वाटलं होतं, तुला बरं वाटेल. खोटं कशाला बोलू, वाजवताना मलाच बरं वाटत होतं. गाठ साधी होती हे वाचल्यापासून मला स्वस्थता नाही. नाताळपर्यंत थांबली असतीस तरी चाललं असतं. मी थांबू दिलं नाही. तुझी जागा रिकामी गेलेली मला ऐकवली नसती, म्हणून उठलो. तुझा विचार त्यात कुठे होता, हे आता शोधतो आहे. क्लबात वाजवायला जात नाही, आजारी आहे म्हणून सांगितलंय. शिव्या घाल, पण लिही.

तुझ्या दाराशी उभा असलेला,
ऑक्टेव्ह

न्यू ऑर्लिन्स, ३ मार्च १९५७

चि. ऑक्टेव्ह यास अ. आ.

उत्तराला उशीर झाला. आवाज परत यायचा नाही, असं काल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गायकवृंदाचा झगा धुऊन, इस्त्री करून पाळकांकडे दिला. ते म्हणाले, ठेवा की आठवण म्हणून. मी नकारार्थी मान हलवली.

तुला दोष देऊन पाहिला. चार दिवस बरं वाटलं, मग तेही सरलं. तू बोलला नसतास, तर आणखी कुणी बोललं असतं.

पण एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला लिहू? भांडी घासताना ते गीत मनात म्हणायला जाते, तर तुझा ट्रम्पेट ऐकू येतो. माझा आवाज कसा होता, ते मला आठवत नाही. तुला पक्कं आठवतं, हे त्या दिवशी सगळ्यांनी ऐकलं.

क्लबात जाऊ लाग. नाताळला ये, पण चर्च सुटल्यावर, थेट जेवायला. ट्रम्पेट शिकागोलाच ठेव.

उरला असेल तेवढा लोभ असू दे.
ओडिल